किर्द कुपवाडला पोचली का? पोस्टग्रेसचं लॉग आर्काइव्हिंग आणि रेप्लिका, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात सांगलीकराचा हात फोनकडे जातो तो दोन आकडे बघायला: कोयनेतून विसर्ग किती आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तोच आकडा साडेसत्तावन्नवर गेला. आमची पेढी गणपती पेठेत, आणि सर्व्हर तेव्हा तळमजल्यावर. दोघांनी तो उचलून जिन्यावरून वर नेला, म्हणून यंत्र वाचलं. पण पुढचे आठ दिवस पेठेत वीजच नव्हती. म्हणजे हिशेब होता, पण बघता येत नव्हता.

त्यानंतर मालकांनी एवढंच सांगितलं, "कुपवाडच्या गोडाऊनला पाणी येत नाही. तिथं दुसरी प्रत ठेवायची, आणि ती कालची नको, आजची पाहिजे." मला तेव्हा पोस्टग्रेसचा, म्हणजे आमचा हिशेब ठेवणाऱ्या डेटाबेसचा, बॅकअप काढण्यापलीकडे काही येत नव्हतं. जे चुकत चुकत शिकलो ते क्रमानं लिहितोय.

एक खुलासा. सेटिंगांची आणि कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर मध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोर येतो.

आधी हे डोक्यात बसवा

दुकानात किर्द आणि खतावणी असते. व्यवहार झाला की आधी किर्दीत, घडला त्या क्रमानं. खतावणीत पार्टीच्या खात्यावर तो सवडीनं चढतो. खतावणीचं पान फाटलं तरी किर्द शाबूत असेल तर दिवाणजी ते पुन्हा उभं करतात. उलटं मात्र होत नाही.

पोस्टग्रेस नेमकं हेच करतं. प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितं, मग टेबलांच्या फाइलीत. ही किर्द १६ एमबीच्या तुकड्यांत असते, आणि प्रत्येक तुकड्याला २४ अक्षरांचं नाव. जुने तुकडे गरज संपली की पोस्टग्रेस पुसून पुन्हा वापरतं. पुसण्याआधी प्रत्येक तुकड्याची नक्कल दुसरीकडे पाठवणं म्हणजे लॉग आर्काइव्हिंग. पलीकडचं मशीन ते तुकडे ओळीनं आपल्या खतावणीत उतरवत राहिलं की झाली रेप्लिका.

हा लॉग आवृत्ती १० च्या आधी पीजी एक्सलॉग नावाच्या फोल्डरमध्ये असायचा. नावात 'लॉग' दिसला की लोक डिस्क रिकामी करायला तो उडवायचे, आणि डेटाबेस मेला की कपाळाला हात लावायचे. म्हणून आता त्याचं नाव पीजी वॉल आहे. तिथली एकही फाइल हातानं पुसायची नाही, डिस्क गळ्यापर्यंत भरली तरी नाही.

काय काय लागेल

- लिनक्स असलेली दोन मशीन. आमच्याकडे दोन्हीवर उबुंटू आणि पोस्टग्रेस १६. खालची माहिती आवृत्ती १२ पासून पुढच्यांना लागू
- दोन्ही ठिकाणांना जोडणारं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट. डेटाबेसचा ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही
- दोन्हीकडे यूपीएस, आणि कुपवाडच्या बाजूला आर्काइव्हसाठी वेगळी डिस्क
- पहिली प्रत नेण्यासाठी बाहेरची हार्डडिस्क (लाइन वेगवान असेल तर नको)
- एक वही. प्रत्येक पायरी, तारीख, कोणती ओळ बदलली. फाइलीत नाही, कागदावर

१. मशीन एकमेकांशी जुळतात का बघा

पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी. १५ ची किर्द १६ ला वाचता येत नाही. प्रोसेसरची जातही तीच हवी. हे सगळेच सांगतात. ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच आवृत्तीची हवी, हे सहसा कोणी सांगत नाही.

कारण अक्षरांचा क्रम. शब्द कोणत्या क्रमानं लावायचे हे पोस्टग्रेस बहुतेक वेळा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं, आणि तिच्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला. उबुंटू १८.०४ त्या बदलाच्या अलीकडचं, २०.०४ पलीकडचं. इंडेक्स (लवकर शोधण्याची सूची) एका क्रमानं बांधलेला आणि शोधणारं मशीन दुसऱ्या क्रमानं शोधणारं, अशी गाठ पडली की टेबलात असलेली पार्टी शोधून सापडत नाही, आणि एररही येत नाही. आमच्याकडे पार्ट्यांची नावं मराठीत आहेत, त्यामुळे हा धोका मी घेतलाच नाही. दोन्हीवर एकच उबुंटू टाकलं.

२. जागेचा हिशेब

तुकडा भरला की तो जातो. पण दुपारी धंदा मंद असेल तर १६ एमबी भरायला तास लागेल, आणि तेवढा वेळ ती किर्द पेठेतच पडून राहील. त्यासाठी आर्काइव्ह टाइमआउट असतो: इतके सेकंद झाले की अर्धा तुकडाही बंद करून पाठव. मात्र अर्धा तुकडासुद्धा १६ एमबीचीच जागा खातो.

एक मिनिट ठेवलं तर दिवसाला १४४० तुकडे, म्हणजे साडेबावीस जीबी. पाच मिनिटं ठेवलं तर २८८ तुकडे, साडेचार जीबी. काहीच काम नसेल तर तुकडा बदलत नाही, म्हणून रात्रीचा आकडा कमी येतो. आमच्या लाइनला एक मिनिट झेपलं नाही, ३०० सेकंदांवर ठरलं. जीझिपनं दाबून पाठवलं तर अर्धे रिकामे तुकडे फार लहान होतात, पण मग परत आणताना ते उघडावे लागतात हे लक्षात ठेवा.

३. पाठवणारी स्क्रिप्ट

सगळा जीव या पायरीत आहे. पोस्टग्रेस तुकडा स्वतः पाठवत नाही. तुम्ही दिलेली कमांड चालवतं आणि तिच्या उत्तराची वाट बघतं. उत्तर शून्य आलं म्हणजे 'पोचलं'. मग तो तुकडा पुसायला ते मोकळं. खरंच पोचलं का हे ते बघत नाही. ट्रान्सपोर्टवाल्यानं पोचपावतीवर सही केली की माल पोचला असं आपण धरतो, तसंच. सही खोटी असली तर ते तुमच्यावर.

माझी पहिली कमांड साधी कॉपीची होती. कुपवाडचं फोल्डर इथल्या मशीनवर माउंट केलं होतं, म्हणजे ते इथलंच असल्यासारखं दिसायचं; त्यात तुकडा कॉपी करायचा, बस. रेप्लिका तेव्हा फक्त या तुकड्यांवरच चालत होती. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी पेठेतल्या सर्व्हरची पिन काढली. मशीन पुन्हा सुरू झालं, पण माउंट काही परत आलं नाही. माउंटच्या जागी राहिलं त्याच नावाचं रिकामं फोल्डर, इथल्याच डिस्कवर. कमांड त्यात इमानेइतबारे कॉपी करत राहिली आणि प्रत्येक वेळी शून्य म्हणत राहिली. अपयशाचा आकडा शून्य. सगळं हिरवंगार.

अकरा दिवसांनी शनिवारी दिवाणजी कुपवाडला होते आणि तिथल्या रेप्लिकेवर उधारी बघत होते. त्यांचा फोन आला.

"अरे, तासगावच्या पार्टीनं सोमवारी पैसे भरले ना? माझ्या हातची पावती आहे. इथं तर बाकी तशीच दिसतीय."

"काका, रिफ्रेश करा."

"चारदा केलं. आणि सोमवारचं सोड, दिवाळीनंतरचं एकही बिल नाही इथं."

नशीब एवढंच की तुकडे हरवले नव्हते, चुकीच्या फोल्डरमध्ये का होईना, सगळे होते. ते कुपवाडला नेऊन योग्य जागी ठेवले, आणि रेप्लिकेनं ओळीनं सगळे गिळले. पण इथली डिस्क त्याच काळात गेली असती तर अकरा दिवसांची किर्द गेली होती.

आता आम्ही माउंट वापरत नाही, एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरचं सुरक्षित लॉगिन) आरसिंक (फाइली पाठवणारी कमांड) करतो. तुम्ही माउंटच ठेवणार असाल तर दोन गोष्टी करा. माउंट नसताना दिसणारं रिकामं फोल्डर रूटच्या मालकीचं ठेवा, म्हणजे पोस्टग्रेसच्या युजरला त्यात लिहिताच येणार नाही. आणि पलीकडच्या खऱ्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवा. स्क्रिप्टनं आधी ती खूण बघायची, नसेल तर तिथंच अपयश सांगायचं.

स्क्रिप्टला दोन गोष्टी मिळतात: टक्का-पी म्हणजे तुकड्याचा रस्ता, टक्का-एफ म्हणजे नुसतं नाव. क्रम असा ठेवा:

- त्या नावाची फाइल पलीकडे आहे का बघा. असेल आणि मजकूर तंतोतंत तोच असेल, तर यश सांगा. वीज गेल्यावर पोस्टग्रेस तोच तुकडा पुन्हा पाठवू शकतं, त्यात वावगं काही नाही
- असेल पण मजकूर वेगळा असेल, तर अपयश. कधीही वर लिहायचं नाही. बहुधा दोन डेटाबेस चुकून एकाच फोल्डरमध्ये पाठवत असतात
- नसेल तर तात्पुरत्या नावानं पाठवा, डिस्कवर पक्कं होऊ द्या, मग खरं नाव द्या. नाहीतर अर्धी गेलेली फाइल पूर्ण समजली जाते. नाव बदलण्याचं काम आरसिंक स्वतःच करतं
- काहीही बिघडलं तरी बाहेर पडताना उत्तर १ च द्या

ही शेवटची ओळ मला फार उशिरा कळली. कमांडचं उत्तर १२५ पेक्षा मोठं आलं तर पोस्टग्रेस त्याला साधं अपयश मानत नाही. आर्काइव्ह करणारी प्रोसेसच बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि ते अपयश आकडेवारीत येत नाही. स्क्रिप्टचं नाव चुकलं तर उत्तर १२७, चालवायची परवानगी नसेल तर १२६, एसएसएच जोडलंच नाही तर २५५. म्हणजे नवख्याच्या हातून होणाऱ्या नेमक्या तीन चुका, आणि तिन्हींत अपयशाचा आकडा शून्यच. स्क्रिप्टच्या आतली चूक तुम्ही १ करू शकता. नाव आणि परवानगी मात्र स्वतः तपासा.

आणखी दोन बारीक अडचणी. टक्का-पीचा रस्ता डेटा फोल्डरपासून मोजलेला असतो, स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या फोल्डरला गेलात की तो सापडत नाही. आणि हे सगळं पोस्टग्रेस नावाच्या युजरनं चालतं. तुमच्या युजरनं एसएसएच चाललं म्हणजे त्याचं चाललं असं नाही. एकदा त्या युजरनं कुपवाडला लॉगिन करा, 'ओळख ठेवू का' या प्रश्नाला हो म्हणा, म्हणजे रात्री स्क्रिप्ट त्या प्रश्नापाशी अडकणार नाही.

४. मुख्य सर्व्हरवरच्या ओळी

पोस्टग्रेसच्या सेटिंगच्या फाइलीत या चार ओळी. वॉल लेव्हल: रेप्लिका. आर्काइव्ह मोड: ऑन. आर्काइव्ह कमांड: तुमची स्क्रिप्ट, पूर्ण रस्त्यासकट, पुढं टक्का-पी आणि टक्का-एफ. आर्काइव्ह टाइमआउट: ३००.

आर्काइव्ह मोड बदलला की रीस्टार्ट लागतोच, म्हणून हे दुकान बंद झाल्यावर करा. कमांड बदलायला मात्र रीलोड पुरतो. त्यामुळे पुढं स्क्रिप्ट सुधारायची झाली तर कोणाला उठवायची गरज नाही.

काम थोडा वेळ थांबवायचं असेल तर कमांड रिकामी ठेवा. तुकडे इथंच साठतील, साखळी तुटणार नाही. 'कटकट नको' म्हणून कमांडच्या जागी नेहमी यश सांगणारी ट्रू ही कमांड टाकणारे मी पाहिलेत. ती ओळ म्हणजे किर्दीची पानं फाडून टाकणं. त्यानंतर नव्यानं पूर्ण प्रत घेण्याशिवाय गत्यंतर नाही.

५. पोच बघा

पीजी स्विच वॉल हे फंक्शन चालवा. चालू तुकडा लगेच बंद होऊन पाठवायला लागतो. डेटाबेसला काही हालचालच नसेल तर काही होणार नाही, तेव्हा आधी एखादं टेबल तयार करा. मग पीजी स्टॅट आर्काइव्हर हा व्ह्यू, म्हणजे आर्काइव्हिंगची आकडेवारी दाखवणारा तक्ता, बघा: शेवटचा गेलेला तुकडा कोणता, किती वाजता.

आणि मग कुपवाडच्या मशीनवर जाऊन तोच तुकडा तिथं आहे का, १६ एमबी भरतो का, ते डोळ्यांनी बघा. इथून माउंटमधून नाही. तिथल्या मशीनवर.

६. रेप्लिकेसाठी दार

मुख्य सर्व्हरवर रेप्लिकेशनचा अधिकार असलेला वेगळा युजर करा. पीजी एचबीए या फाइलीत (कोणाला आत घ्यायचं हे इथं ठरतं) कुपवाडच्या पत्त्यासाठी एक ओळ घाला. या ओळीत डेटाबेसच्या जागी 'ऑल' लिहून चालत नाही, 'रेप्लिकेशन' हाच शब्द लागतो. 'ऑल'मध्ये सगळं आलं असं वाटतं, पण रेप्लिकेशन त्यात येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. पासवर्ड पीजीपास फाइलीत ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा, नाहीतर ती सरळ दुर्लक्षित होते.

७. पहिली पूर्ण प्रत

नुसत्या किर्दीवर खतावणी उभी राहत नाही, सुरुवातीची शिल्लक लागते. ती म्हणजे पीजी बेसबॅकअप. लाइन चांगली असेल तर कुपवाडहून थेट ओढा. सोबत मोठा आर हा पर्याय द्या, म्हणजे स्टँडबाय सिग्नल ही फाइल आणि जोडणीची ओळ आपोआप तयार होते.

आमची प्रत ६० जीबीच्या घरात, लाइन रडकी. म्हणून ती टार स्वरूपात हार्डडिस्कवर घेतली आणि दुचाकीवरून नेली. मधल्या दोन तासांची किर्द आर्काइव्हमध्ये होतीच, त्यामुळे काही अडलं नाही. टार घेतलीत तर किर्दीची टार वेगळी येते, ती पीजी वॉल फोल्डरमध्येच उघडायची. डेटा फोल्डरची परवानगी ७०० आणि मालक पोस्टग्रेस, एवढं जमलं की पुरे.

प्रत उतरवण्याआधी रेप्लिकेचा डेटा फोल्डर रिकामा करावा लागतो. त्या क्षणी हात थांबवा, मशीनचं नाव विचारणारी होस्टनेम कमांड चालवा आणि उत्तर मोठ्यानं वाचा. दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात.

८. रेप्लिकेला वाट दाखवा

रेप्लिकेच्या सेटिंगमधली रिस्टोर कमांड म्हणजे आर्काइव्हमधून मागितलेला तुकडा उचलून आण. मागितलेला नसेल तर तिनं अपयशच सांगायला हवं. रेप्लिका कधी कधी अजून जन्मालाही न आलेली फाइल मागते, त्यामुळे लॉगमध्ये 'फाइल नाही' दिसलं म्हणून घाबरू नका.

आर्काइव्हमधले तुकडे संपले की रेप्लिका थेट मुख्य सर्व्हरशी जोडली जाते आणि बदल सेकंदांत येऊ लागतात. लाइन तुटली की पुन्हा आर्काइव्हकडे वळते. या दोन्ही वाटा ठेवा. नुसतं स्ट्रीमिंग (ही थेट जोडणी) ठेवलं आणि लाइन दोन दिवस गेली, तर हवा असलेला तुकडा मुख्य सर्व्हरनं पुसलेला असतो.

यावर उपाय म्हणून रेप्लिकेशन स्लॉट सुचवतात. स्लॉट म्हणजे 'या रेप्लिकेनं घेईपर्यंत पुसू नको'. पण कुपवाडचं मशीन बंद पडलं तर पेठेतली डिस्क भरत जाते, आणि भरली की मुख्य डेटाबेसच बसतो. वापरायचाच असेल तर मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज ही मर्यादा घाला, ती आवृत्ती १३ पासून आहे. आर्काइव्ह नीट चालत असताना मला स्लॉटची गरज वाटली नाही.

इथं तीन ठेचा हमखास लागतात. उबुंटूवर सेटिंगच्या फाइली डेटा फोल्डरच्या बाहेर असतात, त्यामुळे त्या प्रतीबरोबर येत नाहीत, हातानं न्याव्या लागतात. मॅक्स कनेक्शन्सचा आकडा रेप्लिकेवर मुख्य सर्व्हरइतका किंवा जास्तच लागतो. आणि जुने लेख वाचून रिकव्हरी कॉन्फ नावाची फाइल केलीत तर १२ पासून पुढचं पोस्टग्रेस सुरूच होत नाही.

९. रोज काय बघायचं

आम्ही नदीच्याच पातळ्या लावल्यात. पेठेतल्या डिस्कचा वापर ७० टक्के म्हणजे इशारा, ८५ म्हणजे धोका. पीजी वॉलमधल्या आर्काइव्ह स्टेटस फोल्डरमध्ये 'रेडी' शेपटाच्या फाइली मोजा, तेवढे तुकडे पाठवायचे राहिलेत. दोन-चार चालतील, पन्नास झाले की उठा. शेवटचा तुकडा गेल्याची वेळ दुकान चालू असताना दहा मिनिटांपेक्षा जुनी दिसली तर अपयशाचा आकडा काहीही म्हणो, फोन करा.

रेप्लिकेवर शेवटच्या व्यवहाराची वेळ बघता येते. रात्री ती चार तास मागे दिसेल. रेप्लिका मागे पडली असं नाही, चार तासांत बिलच झालेलं नाही. आमच्याकडे दिवाणजींची तपासणी वेगळी: सकाळची पहिली पावती फाडली की कुपवाडच्या पोराला फोन, "नंबर वाच". मला अजून त्याहून चांगली सापडलेली नाही.

आर्काइव्ह वाढतच जातं. आम्ही दर रविवारी नवी पूर्ण प्रत घेतो, दोन प्रती ठेवतो आणि त्यातल्या जुन्या प्रतीच्या आधीचे तुकडे पीजी आर्काइव्ह क्लीनअपनं काढतो. तारीख बघून हातानं पुसत नाही. हे तुकडे रेप्लिकेपुरतेच नाहीत. कोणी दुपारी चारला चुकून टेबल उडवलं तर रेप्लिकेवरही ते सेकंदात उडतं. तीन एकोणसाठला परत जायचं असेल तर जुनी प्रत आणि हे तुकडेच लागतात.

१०. पाणी येण्याआधी सराव

मे महिन्यात, वळीव पडायच्या आत, एका रविवारी आम्ही खरोखर पालट करतो. आधी पेठेतला डेटाबेस बंद. मग शेवटचा तुकडा कुपवाडला उतरला का ते बघायचं. मग तिथं पीजी प्रमोट, म्हणजे रेप्लिकेला मुख्य सर्व्हर करणं. फाइलींच्या नावांची सुरुवात बदलते, एकच्या जागी दोनची टाइमलाइन येते, म्हणजे किर्दीची नवी शाखा. बिलाचा प्रोग्राम नव्या पत्त्याकडे वळवायचा आणि एक बिल फाडायचं.

यानंतर पेठेतलं जुनं मशीन होतं तसं चालू करायचं नाही. दोन्हीकडे बिलं फाटायला लागली तर दोन किर्दी होतात आणि त्या जुळवणारं कोणी नसतं. आम्ही त्याची नेटवर्क वायर काढून ठेवतो, वर चिकटपट्टी.

त्याला रेप्लिका म्हणून परत आणायला पीजी रिवाइंड आहे, ६० जीबी पुन्हा वाहून न्यावे लागत नाहीत. पण त्यासाठी वॉल लॉग हिंट्स आधीपासून चालू असावं लागतं, किंवा डेटाबेस बांधतानाच चेकसम (पान बिघडलं का हे ओळखणारे आकडे) घातलेले असावेत. पहिल्या सरावाला आमच्याकडे दोन्ही नव्हतं, आणि हार्डडिस्क घेऊन पुन्हा दुचाकी काढावी लागली. त्या सेटिंगलाही रीस्टार्ट लागतो, तेव्हा चौथ्या पायरीत रीस्टार्ट कराल त्याच वेळी ही पाचवी ओळ घालून टाका.